माझ्या वाटचा चहा

चहा नको म्हणणाऱ्या बाईकडे आपल्याकडे कसं बघतात, हे मला कुणी शिकवायला नको. आधी वाटतं, बाई संकोच करतेय. मग आग्रह सुरू होतो. मग "अर्धा कप तरी?" होतं. मग "साखरेचा त्रास आहे का? बिनसाखरेचा करते की." आणि एवढं होऊनही बाई नाहीच म्हणाली, तर यजमानीणबाईंचा चेहरा असा पडतो, जणू मी त्यांच्या कपबशीलाच नावं ठेवली. मी मॉर्मन आहे. ख्रिस्ती धर्मातलाच हा एक लहान पंथ. मी जन्माने श्रीरामपूरकडची मराठी ख्रिस्ती, लग्नानंतर पुण्यात नवऱ्याबरोबर या पंथात आले. आमच्यात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य. दारू-तंबाखू सोडली म्हणून लोक कौतुक करतात. चहा सोडल्याचं मात्र महाराष्ट्रात कुणी माफ करत नाही.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. डोक्याला हेडफोन लावून आयुष्यभर दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांना जोडून दिली. निवृत्त झाले, पाठोपाठ नवरा गेला, मुलगा बंगळुरूला. तेव्हा घरात बोलायला राहिली ती भिंत. आमच्या पंथात निवृत्त माणसंही स्वखर्चाने मिशनवर जाऊ शकतात. नवराबायको असली तर जोडीने, माझ्यासारखी एकटी बाई असली तर दुसऱ्या एकटीबरोबर. देश आपण निवडायचा नसतो, वरून सांगतात. मला वाटलं होतं, केनिया येईल, फिलिपिन्स येईल. आलं कुवेत. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तिथे मिशनरी काय करणार तू?" प्रश्न अगदी बरोबर होता.

मिशनरी म्हटलं की लोकांना वाटतं, हातात पुस्तक, दारावर टकटक आणि गोड गोड बोलणं. कुवेतमध्ये यातलं काही नाही. प्रचार करायचा नाही हा आम्हाला दिलेला पहिला नियम, आणि दुसरा नियमही तोच. छातीवर नावाची पाटी लावायची नाही. धर्माविषयी आपण होऊन बोलायचं नाही, आणि आपल्या मंडळीबाहेरच्या कुणी विचारलंच तर विषय बदलायचा. मग काम काय? तर जे आधीच आपले आहेत त्यांना धरून ठेवायचं. त्यांत फिलिपिनो नर्सेस होत्या, आफ्रिकेतले ड्रायव्हर होते, घरकामाला आलेल्या मुली होत्या, दोनचार अमेरिकन कुटुंबं होती. रविवार तिथे कामाचा वार, म्हणून आमची उपासना शुक्रवारी, एका भाड्याच्या व्हिलातल्या हॉलमध्ये. गाणीसुद्धा खिडक्या लावून, बेताच्या आवाजात. घरमालक भला होता, पण "कुणाची तक्रार येऊ देऊ नका" एवढं त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तक्रार आली असती तर त्याने हॉल काढून घेतला असता आणि त्या नर्सेस, ते ड्रायव्हर शुक्रवारी कुठे गेले असते, कोण जाणे.

आमच्या कामाची एक तऱ्हा सांगते, म्हणजे कल्पना येईल. मर्सी नावाची एक मुलगी एका मोठ्या घरात कामाला होती. तिला शुक्रवारी सुट्टी नसायची. पण तिला संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या दुकानात, खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणायला पाठवायचे. मग आम्ही दोघी त्या बकाल्यात जाऊन ताकाच्या बाटल्यांपाशी उभ्या राहायचो. ती आली की तिचा हात हातात घ्यायचा, कशी आहेस विचारायचं, आईचं दुखणं कसं आहे विचारायचं. तेवढ्यात तिचे खुबूस बांधून व्हायचे आणि ती पळायची. ही आमची धर्मसेवा. पुण्यात परत आल्यावर कुणी विचारलं, किती लोकांना बाटवलंस, तर मी सांगते, एकालाही नाही. पण ताकाच्या बाटल्या पुष्कळ घेतल्या.

आता जोडीदाराचं. आमच्यात मिशनरीने एकटीने कुठे जायचं नाही. बाजारात, दवाखान्यात, शेजारीसुद्धा, सगळीकडे दोघींनी. माझी जोडीदार सिस्टर लार्सन अमेरिकेतल्या बटाट्याच्या मुलुखातली. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, माझ्याहून वयाने मोठी, दणकट, मनाने अतिशय चांगली. मला ती "सिस्टर सॅल्व्ही" म्हणायची. साळवेचं असं काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. सकाळी उठून दोघींनी वाचन, प्रार्थना, मग तिचं ओट्सचं खळ आणि माझे पोहे. दिवसभर दोघी एकमेकींच्या नजरेसमोर. आणि खरं सांगते, एवढी एकटी मी नवरा गेल्यावरसुद्धा नव्हते. निदान तेव्हा रडताना मला कुणी बघत नव्हतं. इथे न्हाणीघरात नळ सोडून रडायचं, तर बाहेरून लार्सन इंग्रजीत विचारायची, "सगळं ठीक ना?" ठीक आहे म्हणायचं. तीही अधूनमधून नळ बराच वेळ सोडायची. मीही तेच विचारायचे.

सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर मराठी. कुवेतमध्ये मराठी माणसं कमी नाहीत, त्यांचं मंडळ आहे, गणपती असतो. पण मी आपण होऊन तिथे जावं आणि कुणीतरी विचारावं, "तुम्ही कुठे असता? कंपनी कुठली?" मग काय सांगणार? म्हणून मी लांबच राहिले. सोमवारी मुलाशी फोनवर बोलायचे, तेवढीच काय ती मराठी. त्यातही तो अर्धं इंग्रजी बोलायचा. एकदा हवल्ली भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी स्वतःशीच पुटपुटले, "आता आपल्या मजल्याचा दिवा कधी लागायचा?" आणि मागून आवाज आला, "अगं बाई! मराठी?"

मागे वळून पाहिलं तर नऊवारी नव्हे, साधं सहावारी पातळ, कपाळाला काही नाही, पायांत लेकाचे मोठे सँडल, आणि चेहऱ्यावर असं हसू की लहान मुलाला हरवलेली आई सापडावी. या इंदूताई देवरे. नाशिकच्या. लेक नितीन तेल कंपनीत इंजिनियर, सून पल्लवी बँकेत, एक नात शाळेत. त्यांनी माझा दंडच धरला. आमचा मजला आला, गेला. लार्सन बिचारी लिफ्टच्या बटणावर बोट ठेवून उभी.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हाला वर बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, सगळे कामाला आणि शाळेला गेल्यावर त्या दार लोटून आमची वाटच बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "इंदूताई, ही माझी जोडीदार, आम्ही दोघी मिळूनच असतो." त्या म्हणाल्या, "असू दे की. गोरी आहे म्हणून काय झालं, बसेल तिकडं." लार्सन कोपऱ्यातल्या खुर्चीत विणकाम घेऊन बसली आणि पुढचे कित्येक महिने तिथेच बसली.

आणि मग आलाच चहा.

मी म्हटलं, "मी घेत नाही."

"म्हणजे?"

"सोडलाय."

आता याच्यापुढे "का?" आलं की आमचा नियम आडवा येतो. का, हे सांगायचं म्हणजे धर्म सांगणं आलं. मी काहीतरी हवेवर बोलायला लागले. पण इंदूताईंनी "का" विचारलंच नाही. माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "यजमानांच्या नावानं सोडलास, नाही का?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. काशीला गेल्यावर किंवा जवळचं माणूस गेल्यावर आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडायची, अशी रीत आहे. इंदूताईंनी ती गृहीतच धरली. मी म्हटलं, "आज उकाडा फार आहे, नाही?" विषय बदलायचा तर बदलला. लार्सनला वाटलं आपल्याला विचारलंय, तिने मान डोलावली. झालं, शिक्कामोर्तब झालं.

"मी फणस सोडला ह्यांच्या नावानं," इंदूताई म्हणाल्या. "आता नाशकात फणस खातंय कोण? आणि मला तो आधीपासूनच आवडत नव्हता. देवाला काय कळत नसेल होय?" आम्ही दोघी इतक्या हसलो की लार्सनही हसायला लागली. घरी जाताना तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, फणस. तिला फणस म्हणजे काय हे समजावण्यात जिना संपला.

तेव्हापासून माझं वर जाणं सुरू झालं. त्या माझ्यासाठी कोकम सरबत, नाहीतर सुंठ-जिऱ्याचं पाणी करून ठेवायच्या आणि स्वतः बशीत ओतून चहा प्यायच्या. दिवसातून किती वेळा, त्याचा हिशोब नव्हता. आम्ही काय बोलायचो? काही नाही. वालाच्या बिरड्याला मोड कसे आणायचे. कुणाच्या लग्नात कोण रुसलं. नवऱ्याच्या खोड्या. माझ्यासाठी ते तास म्हणजे जेवण होतं. धर्माचा शब्द मी काढला नाही आणि त्यांनी विचारला नाही. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना माहीत होतं, "शुक्रवारची तुमची प्रार्थना झाली का?" एवढं विचारायच्या.

हळूहळू मला त्यांचं दुखणं कळलं. लेक वाईट नव्हता. आईला एकटी ठेवायची नाही म्हणून त्याने तिच्या इकाम्यासाठी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासाठी, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आता ती सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिली तर तो परवाना रद्द. शुक्रवारी तो सगळ्यांना गाडीत घालून दस्मानला समुद्रावर न्यायचा, आईस्क्रीम घ्यायचा. "आई, मजा आली ना?" विचारायचा. या म्हणायच्या, हो रे बाबा. मला म्हणायच्या, "समुद्र आहे, पण काय करायचा? नुसता बसलाय तिथं. गोदावरी कशी निघून जाती पुढं, तसं काही नाही." सकाळी सगळे गेले की दाराला आतून कडी, पडदे ओढलेले, एसीची घरघर. नात शाळेतून आली की "आजी, आय हॅव होमवर्क." त्यांच्या पदराच्या आत, ब्लाऊजला सेफ्टीपिनने एक किल्ली लावलेली असायची. नाशिकला इंदिरानगरमध्ये त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, त्याची.

"माझ्या दाराला माझी किल्ली लावून आत जायचंय गं मला," त्या एकदा म्हणाल्या. "बाकी काही नको. जाऊबाई आहे शेजारच्या गल्लीत. भजनाला जाईन, भाजी आणीन. मरायचं तर तिथं मरीन. पण नितीनला कसं सांगू? त्यानं एवढं केलं. मी जाते म्हटलं की त्याला वाटणार, आईला माझं घर आपलं वाटलं नाही."

मी म्हटलं, "सांगून तर बघा."

"नाही. सांगायचं नाही. देवाला सांगितलंय." आणि मग त्यांनी हळूच सांगितलं, "मी चहा सोडला. परवापासून."

ज्या बाईचा दिवस पातेल्यात आधण पडल्याशिवाय उजाडत नव्हता, तिने चहा सोडला?

"फणसावर देव फसला नाही म्हणून या वेळी खरं सोडलं. तू नाही का सोडलास यजमानांसाठी? म्हटलं, ही करू शकते तर मी का नाही. आता माझ्या घरी, माझ्या ओट्यापाशी उभी राहीन तेव्हाच चहा. नितीनला सांगू नकोस हां. शपथ आहे तुला."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की माझं तसं नाही. पण "मग का सोडलास?" आलं असतं. आणि खरं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी आशा दिसत होती, तिच्यावर पाणी ओतायचा मला धीर झाला नाही. खाली उतरताना लार्सनने विचारलं, "ती आज एवढी आनंदात का होती?" मी म्हटलं, तिला घरी जायचंय. लार्सन म्हणाली, "मलाही."

इंदूताईंचं डोकं दुखायला लागलं. चहा सुटला की दुखतंच, मला अनुभव आहे. मी त्यांना भरपूर पाणी पाजत असे, कपाळाला बाम लावत असे. घरात त्यांनी सांगितलं होतं, पित्त होतं म्हणून बंद केलाय. काही दिवस ते खपून गेलं.

एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी नितीनचा फोन आला. एरवी तो मला मावशी म्हणायचा. आज म्हणाला, "मॅडम, जरा वर येता का?"

आम्ही दोघी वर गेलो. बैठकीत नितीन उभा होता. पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात, आणि इंदूताई सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारख्या. नितीनने आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. हा मुलगा घरात आवाज चढवणारा नव्हता, त्यामुळे तो किती दुखावला होता हे त्याच्या हळू बोलण्यावरूनच कळत होतं.

"तुम्ही मॉर्मन मिशनरी आहात ना? माझ्या ऑफिसातल्या एकाने तुम्हाला त्या व्हिलात जाताना पाहिलंय."

"हो," मी म्हटलं. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हाही नियमच.

"तुमच्यात चहा चालत नाही."

"नाही."

"आणि माझ्या आईने चहा सोडला. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईने, जिला सकाळी चहा मिळाला नाही तर ती कुणाशी बोलत नाही, तिने. मला म्हणते, पित्त. मी काय लहान आहे का?" मग त्याचा आवाज फुटला. "आम्ही दिवसभर नसतो, ती एकटी असते, म्हणून तुम्ही तिला गाठलंत. एकटं माणूस बघूनच गाठता ना तुम्ही?"

हे मला लागलं. आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत, पण हे लागलं, कारण एकटं माणूस कोण होतं आणि कुणी कुणाला गाठलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"मी इमारतीच्या मालकाला सांगणार आहे. तुमच्या त्या हॉलवाल्यालाही," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढे शुक्रवारचा हॉल आला. ताकाच्या बाटल्यांपाशी उभी राहणारी मर्सी आली. एका वाक्यात सगळं मिटण्यासारखं होतं. तुमच्या आईला घरी जायचंय, म्हणून तिने चहा सोडलाय, एवढंच म्हणायचं. कदाचित त्याने तिचं तिकीटही काढलं असतं. पण शपथ घातलेली. आणि इंदूताई माझ्याकडे बघत होत्या. लार्सनला शब्द कळत नव्हते, पण तिने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी म्हटलं, "नितीन, तुमच्या आईने..."

"पल्लवी," इंदूताई मध्येच म्हणाल्या, "चहा टाक."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. माझ्या मापाचा. आलं घाल, पत्ती जास्त."

मग पल्लवी आत गेली. आलं कुटल्याचा आवाज आला, मग वास आला. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको, इंदूताई, नको. आणि तोंडाने मला ते म्हणताही येत नव्हतं, कारण मी चहा नको म्हटलं की संपलंच.

पल्लवीने कपबशी आणून दिली. इंदूताईंनी बशीत चहा ओतला. एक थेंबही सांडला नाही. लेकाकडे बघत त्यांनी ती बशी तोंडाला लावली. मग दुसरी. मग कपाच्या तळाशी राहिलेला, तोसुद्धा. पदराने तोंड पुसलं.

"झालं? बाटले का मी?"

नितीनने रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"अरे, ही बाई माझ्याकडं येऊन नुसतं पाणी पिऊन जाती. देवाचं नाव एकदा काढलं नाही तिनं माझ्यापुढं. पित्त झालं होतं, म्हणून सोडला होता. आता नाही पित्त. बस खाली, आणि मावशीला बसायला सांग."

नितीन खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सॉरी, मावशी." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. आई चहा प्यायली म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा आनंद होता, तो मला बघवत नव्हता. लेकाला वाटलं, आई परत मिळाली. आणि आई काय गमावून बसली, ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

जिन्यात लार्सन म्हणाली, "मला सांग, काय झालं?"

मी म्हटलं, "तिने चहा घेतला."

"एवढंच?"

"एवढंच." लार्सन थांबली, माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. घरी आल्यावर मी न्हाणीघरात गेले तर तिने बाहेरून हाक मारली नाही. तेवढं तिला माझं कळायला लागलं होतं.

पुढे मी इंदूताईंना खरं काय ते सांगितलं. नियम मोडून सांगितलं. म्हटलं, माझा चहा नवऱ्यासाठी सोडलेला नाही, आमच्या धर्मातच नाही तो. त्या म्हणाल्या, "कळलं गं मला त्याच दिवशी, नितीन बोलला तेव्हा. कुणासाठी का सोडला असेना, सोडून राहिलीस ना? मला नाही जमलं." मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी नेम मोडलात. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही, पोरासाठी. किती घाबरला होता, पाहिलंस ना?" आणि विषय बदलला. विषय बदलण्याची विद्या त्या माझ्याकडूनच शिकल्या असाव्यात.

आमच्याविरुद्ध कुणाची तक्रार झाली नाही. हॉल राहिला. दीड वर्षांची माझी मुदत संपली. लार्सन तिच्या बटाट्यांकडे गेली, विमानतळावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, उघड्यावर, नळ न सोडता. इंदूताई कुवेतमध्येच राहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पदराआडची सेफ्टीपिन काढली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "मी काही आता जात नाही. किल्लीला तरी घर बघू दे."

या उन्हाळ्यात मी नाशिकला गेले. कुलूप जरा अडलं, मग उघडलं. बंद घराचा वास आला. खिडक्या उघडल्या, केर काढला, मग ठरल्याप्रमाणे व्हिडिओ कॉल लावला. कुवेतमध्ये तेव्हा सगळे कामावर गेलेले असतात. त्यांनी मला घरभर फिरवलं. "इकडं दाखव. तो पंखा दाखव. देव्हाऱ्यावर धूळ किती! खालच्या दुकानातून दूध आणलंस का? आता ओट्यापाशी जा. पत्तीचा डबा वरच्या फळीवर आहे. आधण ठेव."

कित्येक वर्षांत मी चहा केला नव्हता. त्या सांगत गेल्या, मी करत गेले. आलं किसणीवर नको, ठेच. पत्ती अजून. थांब, उतू जाईल. मी त्यांच्याच कपात गाळला, ओट्यावर ठेवला आणि फोन त्याच्यासमोर धरला. वाफ फोनच्या पडद्यावर आली, त्यांचा चेहरा धूसर झाला.

"माझ्या वाटचा पी गं तू," त्या म्हणाल्या.

मी कप हातात घेतला. खरंच घेतला. ज्या बाईने माझ्यासाठी, नाहीतर पोरासाठी, कुणासाठी का असेना, आपला नेम मोडला, तिच्यासाठी मी एक घोट घेऊ शकले असते. मला देव रागावला असता असं वाटत नाही. मी कप ओठांपाशी नेला.

"नको," फोनमधून इंदूताई म्हणाल्या. "ठेव खाली. आपल्या दोघींतल्या एकीचा तरी राहू दे."